साडेसातशे रुपयांचा ओबीडी स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जून महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझ्या 2011 सालच्या डिझेल गाडीचा पिकअप एकाएकी गेला. आधी मागून काळा धूर निघाला, मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि त्यानंतर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे जाईना. घाटमाथ्यावर इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केले, तेव्हा ती काही अंतर व्यवस्थित ओढू लागली आणि पुढच्या चढाला पुन्हा बसली. साताऱ्यात एका गॅरेजमध्ये डिझेल फिल्टर बदलून दिवा घालवून दिला, तो दोन दिवसांत परत लागला. पुण्यातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून एकच वाक्य सांगितले, "टर्बो गेला साहेब, चाळीस हजार धरून चला." चाळीस हजार देण्यापूर्वी साडेसातशे खर्चून पाहावेत, या हिशेबाने मी ब्लूटूथवर चालणारा हा ओबीडी स्कॅनर मागवला. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे आकडे फोनवर दाखवणारे हे छोटे यंत्र.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात तो बसतो आणि फोनवरच्या ॲपला जोडला जातो. भारतात ओबीडी-2 ही गाडीने स्वतःचे बिघाड नोंदण्याची पद्धत बीएस-4 (धुराच्या प्रदूषणाचा निकष) गाड्यांना एप्रिल 2013 पासून बंधनकारक झाली, त्यामुळे त्याआधीची गाडी असणाऱ्यांनी आपल्या मॉडेलवर तो चालतो का, याची खात्री करूनच पैसे घालवावेत. माझ्या गाडीवर तो चालला, हा नशिबाचा भाग.

पहिल्याच दिवशी पी0299 हा कोड मिळाला. त्याचा अर्थ इतकाच, की टर्बोने, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याने, हवेला जेवढा दाब द्यायला हवा तेवढा मिळत नाही. टर्बो बिघडला आहे, असे तो कोड म्हणत नाही. एअर फिल्टर तुंबला, वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) उघडे राहिले, व्हॅक्युमची बारीक नळी फाटली किंवा टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपातून हवा गळली, तरी कोड हाच येतो. मिस्त्रींनी ऐकीव लक्षणावरून जो निष्कर्ष काढला, तोच कोड वाचून मीही काढला असता, तर स्कॅनर घेऊन न घेतल्यासारखेच झाले असते.

खरा उपयोग झाला तो चालत्या गाडीतल्या आकड्यांचा. चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता, मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या नळीतला, दाब पाहिला तर तो बाहेरच्या हवेइतका दिसायला हवा. पुण्याच्या उंचीवर तो 95 किलोपास्कलच्या आसपास असतो आणि माझ्याकडे 94 आला. म्हणजे सेन्सर खरे बोलत होता. मग भावाला शेजारी बसवून, फोन त्याच्या हाती देऊन, कात्रजच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिली. डिझेलच्या रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) दाब रेस देताच झपाट्याने वर चढला आणि टिकून राहिला, त्यामुळे फिल्टर आणि पंपावरचा संशय बराच निवळला. हवेचा दाब मात्र 125 च्या पुढे सरकेना. टर्बो डिझेलमध्ये अशा वेळी तो 200 च्या आसपास जायला हवा.

दुसऱ्या दिवशी इंटरकूलरकडून वर येणारा रबरी होज पाइप हाताने चाचपला. खालच्या वळणावर तेलकट ओल होती आणि तिच्यावर धूळ जमून काळी पपडी धरली होती. पाइप काढून वाकवला, तेव्हा आतापर्यंत अखंड दिसणाऱ्या रबरात दोन बोटे लांबीची चीर उघडली. हात सैल सोडला की ती पुन्हा मिटायची. इंजिन स्वस्थ चालत असताना ती बंद राहायची आणि दाब वाढला की तोंड उघडायची. नवा पाइप आणि दोन क्लिपा मिळून एकवीसशे रुपये लागले. त्याच चढावर त्याच गिअरमध्ये आता 206 आले.

दोष सांगितलेच पाहिजेत. आकडे फोनवर अडखळत येतात. एका वेळी चारपेक्षा जास्त लावले तर दाबाची क्षणिक घसरण निसटून जाते. एअरबॅग आणि एबीएसचे कोड त्याला माझ्या गाडीत वाचताच आले नाहीत. हवेच्या दाबाच्या प्रमाणित आकड्याची कमाल मर्यादा 255 आहे, त्यामुळे मोठ्या टर्बोच्या गाडीत तो तिथेच अडकलेला दिसला तर सेन्सरला दोष देऊ नये. दिवाळीत गाडी नऊ दिवस उभी होती आणि स्कॅनर सॉकेटमध्येच राहिला. आल्यावर बॅटरी पूर्ण उतरलेली. शिवाय कोड पुसण्याचे बटण हाताशी असते, ते घाईने दाबू नये, कारण बिघाडाच्या क्षणी नोंदलेले आकडेही त्यासोबत जातात. साताऱ्याच्या गॅरेजात नेमके तेच झाले होते.

जानेवारीत गाडी पुन्हा ओढेनाशी झाली. या वेळी दिवा नाही, कोड नाही, हवेचा दाबही 200 च्या वर. पण ॲपवर इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग शेजारी शेजारी लावले, तेव्हा चौथ्या गिअरमध्ये फेरे 2,200 वरून 3,000 वर चढले आणि वेग जागचा हलला नाही. मी ते मिस्त्रींना दाखवले. त्यांनी हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडून पाहिला. क्लच धड असता तर इंजिन बंद पडायला हवे होते, ते पडले नाही. क्लच प्लेट पार झिजली होती, आणि तिचे नऊ हजार मात्र मोजावेच लागले.