लेखी परीक्षा की कामाची चाचणी?

कोल्हापुरातल्या अभ्यासिकेत सरकारी संगणक-पदाची तयारी करणारी पोरं दिवसभर काय करतात? समानार्थी शब्द, गणित, चालू घडामोडी. बहुपर्यायी परीक्षेत वशिल्याला वाव कमी, हजारो अर्ज एकाच मापाने मोजता येतात. हे मी हलकं मानत नाही. साध्या घरातल्या मुलांना तोच आधार आहे.

पण आता अशा पदांवर एआय (कृत्रिम बुद्धिमत्ता) कुठे चुकतंय हे ओळखणारा माणूस हवा, आणि तो त्यातून सापडत नाही. त्यासाठी कामच द्यावं लागतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी समोर ठेवा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. एआय वापरून पाणीपातळीचा अंदाज बांधायला सांगा, मग विचारा, २०१९ च्या महापुरात हा अंदाज कुठे फसला असता? उत्तर देतानाच कस कळतो. अमेरिकेत सरकारी भरतीसाठी २०१९ मध्ये त्या-त्या विषयातल्या जाणकारांकडूनच उमेदवार तपासून घेण्याचे प्रयोग झाले, २०२४ च्या डिसेंबरात कौशल्य-चाचणीचा कायदाही आला.

अडचण मोठी आहे: तपासणार कोण? वेळ जातो, मर्जीही शिरते. तरी माझं मत कामाच्या चाचणीलाच. नावं झाकून, दोन परीक्षकांकडून. लेखी परीक्षा फक्त चाळणीपुरती.