बंद बरणीचं टेरारियम किट: काच झकास, झाडं मात्र चुकीची

टेरारियम म्हणजे काचेच्या बरणीत लावलेली छोटीशी बाग. त्याच्या किटचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचाल तर बहुतेक सगळे पहिल्याच दिवशी फोटो टाकून पाच स्टार देऊन मोकळे झालेले दिसतील. पण पहिल्या दिवशी टेरारियम कुणाचंही सुंदरच दिसतं हो, खरं काय ते काही आठवड्यांनी कळतं, म्हणून मी थांबून लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने अशीच किटं बरेच जण विकतात आणि त्या सगळ्यांना हे लागू पडेल.

आधी चांगलं सांगते. बरणी खरंच फार छान आहे. काच जाड आणि एकदम नितळ, कुठे बुडबुडा नाही की लहर नाही, आणि बुचाचं झाकण घट्ट बसतं. तोंड एवढं रुंद आहे की बोटं आत जातात. हे फोटोत कळत नाही पण लावताना सगळा फरक यानेच पडतो, कारण चिंचोळ्या तोंडाच्या बाटलीत प्रत्येक गोष्ट काडीने करावी लागते. सोबत लांब चिमटा, लांब दांड्याचा चमचा आणि माती दाबायला टोकाला बूच लावलेली काडी असं मिळतं. ही काडी ज्याने कोणी किटमध्ये टाकली त्याने स्वतः बाटलीत झाडं लावलेली असणार, कारण रोप खड्ड्यात बसवून बाजूची माती हलक्या हाताने दाबायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

खाली टाकायला खडे, त्यावर जाळी, मग चारकोल आणि मग माती, असं माहितीपत्रकात दिलंय. क्रम बरोबर आहे, पण "खड्यांमुळे पाण्याचा निचरा होतो" असं जे लिहिलंय ते वाचून लोक बिनधास्त पाणी ओततात. अहो बरणीला खाली भोकच नाही तर निचरा होऊन पाणी जाणार कुठे? जास्तीचं पाणी मुळांपासून जरा लांब साठावं एवढंच खड्यांचं काम, म्हणजे खड्यांत पाणी दिसायला लागलं की आपण जास्त ओतलंय हे बाहेरूनच कळतं. चारकोल वासासाठी बरा, पण तो टाकला म्हणजे सडणं थांबलं असं नाही. जाळी मात्र टाकाच, नाहीतर माती हळूहळू खड्यांत उतरते आणि काचेतून सगळा राडा दिसतो.

आता मुख्य तक्रार. झाकण घट्ट असलेल्या बरणीसोबत यांनी एक फिटोनिया, एक एचेवेरिया आणि एक हॉवर्थिया पाठवली. फिटोनिया ठीक, तिला दमट हवा हवीच असते. पण एचेवेरिया आणि हॉवर्थिया ही कोरड्या हवेतली झाडं, पाणी पानांत साठवून ठेवणारी, त्यांना भरपूर उजेड आणि मोकळी हवा लागते. बंद बरणीत हवा कायम ओलसर, मातीतून उडालेलं पाणी काचेवर जमतं आणि परत खाली उतरतं, त्यामुळे माती कधी सुकतच नाही. एचेवेरियाची खालची पानं आधी पारदर्शक झाली, काचेसारखी, मग बोट लावताच गळून पडायला लागली, आणि बुंधा काळा पडला. हॉवर्थिया वेळेत बाहेर काढून उघड्या कुंडीत लावली म्हणून वाचली. किट विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. ही झाडं फोटोत छान दिसतात आणि प्रवासात टिकतात म्हणून टाकतात, आणि मग घेणाऱ्याला वाटतं की माझ्याच हाताला झाडं लागत नाहीत. याचा मला खरंच राग येतो.

बंद काचेत झाडं जगतात हे काही नवीन नाही. १८२९ च्या सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष बघायला म्हणून झाकणबंद बाटलीत ओलसर मातीवर ठेवला होता, तर त्या मातीत आपोआप फर्न आणि गवत उगवलं. पुढे १८३३ मध्ये त्यांनी काचेच्या बंद पेट्यांत झाडं भरून जहाजाने थेट सिडनीला पाठवली आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतर ती जिवंत पोचली. त्या बाटलीत आपणहून काय उगवलं ते बघा, फर्न! म्हणजे बंद बरणीत काय लावावं याचं उत्तर तेव्हापासून समोर आहे.

मी रिकाम्या जागेत छोटं फर्न, फर्नसारखंच दिसणारं बुटकं सेलाजिनेला आणि काचेवर चढणारी फायकस प्युमिला लावली. मुळांची जुनी माती झटकून, पिवळी पानं काढून मगच आत सोडलं, कारण एक सडकं पान आत राहिलं तरी बुरशी तिथूनच सुरू होते. आता फिटोनियाच्या गुलाबी शिरा काचेतून इतक्या ठसठशीत दिसतात की जाता-येता नजर तिथेच जाते. फायकस मात्र भराभर वाढते, तिला अधूनमधून कात्री लावावीच लागते आणि कापलेलं सगळं बाहेर काढायचं.

किटमधलं मॉस (मातीवर पसरायची शेवाळासारखी हिरवी गादी) वापरू नका. ते जिवंत नसतं, रंगवलेलं असतं, ओल लागली की हिरवा रंग मातीत उतरतो आणि त्यावरच पांढरी बुरशी धरते. जिवंत मॉस मिळालं तर लावा, नाहीतर माती तशीच राहू दे. पॉटिंग मिक्स पण जरा जास्तच खताचं वाटलं. बंद बरणीत झाडं हळू वाढलेलीच बरी, म्हणून मी त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे हलके दाणे) बऱ्यापैकी मिसळलं.

पाण्याचं गणित काच बघून जमतं. सकाळी एका बाजूला हलकं धुकं आणि दुपारपर्यंत निवळलेली काच, म्हणजे उत्तम चाललंय. दिवसभर सगळी काच भिजलेली दिसली तर झाकण काढून काही तास उघडी ठेवा, आणि अजिबात धुकं नसेल व माती फिकी पडली असेल तर स्प्रेने थोडंसं पाणी. पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी वापरलं तर काचेवर पांढरे डाग पडत नाहीत. आणि माहितीपत्रकात "उन्हाच्या खिडकीत ठेवा" असं छापलंय ते साफ चूक आहे, बंद काचेवर थेट ऊन आलं की आतली हवा इतकी तापते की झाडं अक्षरशः शिजतात. खिडकीपासून जरा आत, भरपूर उजेड पण थेट ऊन नाही, अशी जागा बघा.

बरणी आणि हत्यारांना पाच स्टार, झाडांना एक, माहितीपत्रकाला दोन. मी विक्रेत्याला हे सगळं लिहून कळवलं तर त्यांनी सांगितलं की ऑर्डर करताना नोटमध्ये लिहिलं तर तिन्ही झाडं फिटोनिया किंवा फर्न देतात. वेबसाइटवर हे कुठेच दिलेलं नाही, तेव्हा घेणार असाल तर नोट टाकायला विसरू नका.