मल्टिप्लेक्समधली शनिवार संध्याकाळ: बिल २१९०, सिनेमा ठीकठाक

शनिवारी आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, अकरावीतला चिरंजीव आणि सासूबाई, तब्बल सात-आठ महिन्यांनी थिएटरात सिनेमा बघायला गेलो. इंदूरच्या एका मॉलमधलं मल्टिप्लेक्स. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण एकट्या त्यांना झोडपण्यात अर्थ नाही, दुसरीकडे गेलो असतो तरी साधारण हेच लिहिलं असतं. सिनेमाचंही नाव नको, तो बिचारा ठीकच होता. हा रिव्ह्यू थिएटरात जाण्याचा आहे.

आधी हिशोब, कारण घरी आल्यावर ह्यांनी तोच काढला. शनिवार म्हणून २९० चं तिकीट, चौघांचे ११६०. ॲपवर बुक केलं म्हणून कन्व्हिनियन्स फी दीडशेच्या आसपास. मागच्या वेळी ती वाचवायला हे थेट काउंटरवर गेले होते तर तिथला मुलगा म्हणाला "सर ये स्कॅन करके बुक कर लीजिए", म्हणजे दारात उभं राहून परत ॲपच. पार्किंग ५०. आणि इंटरव्हलला एक मोठा पॉपकॉर्न, दोन कोल्ड्रिंक, एक नाचोज मिळून ८३०. झाले २१९०. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे, तो सरकारचा, मान्य, पण नाचोजवरचं ते कोमट पिवळं सारण काही सरकारनं केलेलं नाही.

आता बाहेरच्यांना वाटेल खाण्यावरून एवढं काय. अहो, हे इंदूर आहे. इथे माणूस सकाळी पोहे खाताना दुपारच्या कचोरीचा विचार करतो, छप्पन दुकान ह्या खाऊगल्लीत काय खायचं आणि रात्री सराफा बाजारात काय खायचं ह्यावर घराघरात मतं आहेत, आणि अशा गावात तुम्ही बॅग तपासून सासूबाईंच्या पर्समधली शेव-परमलची पुडी काढून घेता? (काढून घेतली. परत जाताना मागा म्हणाले. कोण मागतं?) त्यांना तो हक्क आहे हे मला माहितीये, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मधेच सांगितलंय की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे थिएटरवाल्यानं ठरवावं. पण त्याच निकालात पिण्याचं पाणी फुकट द्यायचं असंही आहे ना! ते पाणी कुठे होतं सांगते, वॉशरूमच्या पलीकडे कोपऱ्यात एक कूलर, ग्लास संपलेले. विचारलं तर "मॅम बॉटल ले लीजिए".

शो ६.४५ चा. सिनेमा सुरू झाला ७.१२ ला, चिरंजीवांनी मोबाईलवर टायमर लावला होता म्हणून आकडा पक्का आहे. सत्तावीस मिनिटं आम्ही पैसे देऊन सोनं, सिमेंट, पान मसालावाल्यांच्या वेलचीच्या आणि त्याच मॉलच्या जाहिराती बघितल्या. बंगळुरूच्या एका प्रेक्षकानं ह्याच गोष्टीवरून ग्राहक न्यायालयात केस केली होती आणि २०२५ मधे जिंकलाही, पुढे हायकोर्टानं त्या आदेशाला स्थगिती दिली ते वेगळं. मला आधी वाटलं होतं किती रिकामटेकडा माणूस असेल, शनिवारी वाटलं त्याला चहा पाजावा.

एसीचं तर विचारू नका. डिसेंबरात बाहेरच थंडी, आत त्याहून जास्त. सासूबाई शालीत गुंडाळून बसल्या होत्या. आवाज एवढा की मारामारीला त्या कानावर हात ठेवायच्या आणि हिरो-हिरॉइन हळू बोलायला लागले की मला विचारायच्या "काय म्हणाला गं?" खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नसायचं. पडदाही अंधुक वाटला, रात्रीचे सीन म्हणजे नुसती सावल्यांची हालचाल. घरी ५५ इंची टीव्हीवर ह्यापेक्षा स्वच्छ दिसतं हो, आणि न कळलेलं वाक्य मागे घेऊन ऐकता येतं.

आणि हॉल रिकामा. दुसरा आठवडा होता, शनिवार संध्याकाळ, तरी चिरंजीवांनी मोजली तर आम्ही धरून एकतीस माणसं. विनोद झाला की कुठेतरी एक जण हसायचा आणि मग स्वतःच दचकल्यासारखा गप्प व्हायचा. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. लहानपणी ज्या टॉकीजमधे जायचो तिथे खुर्चीत ढेकूण होते, पंखा डोक्यावर करकरायचा, खालच्या स्टॉलमधले लोक शिट्ट्या मारायचे, त्याचं मी कौतुक करणार नाही, पण चारशे माणसं एकदम हसायची तेव्हा साधा विनोदही मोठा वाटायचा. ह्या गावात अजून टॉकीजच्या नावानं पत्ते सांगतात, रिक्षावाल्याला रीगल, मधुमिलन, सपना-संगीता एवढं म्हटलं की पुरे. आजच्या मल्टिप्लेक्सच्या नावानं पुढे कुठला चौक ओळखला जाईल असं काही मला वाटत नाही.

चिरंजीवांचं म्हणणं सरळ आहे, हिंदी सिनेमा आठ आठवड्यांनी घरी येतोच, थांबायचं. दोन महिने काय, त्याचे तर गाणी आणि शेवटचा सीन रील्समधे बघून झालेले असतात, कुणीतरी खुर्चीतून शूट करून टाकलेले. त्याला मी म्हटलं अरे मग उरलेलं तरी बघ नीट, तर मधेच फोन उघडून बसला, पुढच्या रांगेतले दोघंही तसेच. अंधारात तीन निळे चौकोन.

मराठी सिनेमा लागला तर आम्ही जास्त हौसेनं जाऊ, पण तो इंदुरात लागतो कसा? अख्ख्या शहरात एखादा शो, तोही कामाच्या दिवशी सकाळी पावणेअकराला नाहीतर रात्री दहानंतर, आणि लोक आले नाहीत म्हणून सोमवारपर्यंत गायब. येणार कसे, ऑफिसला दांडी मारून?

लोक घराबाहेर पडायलाच तयार नाहीत असं जे म्हणतात ना, त्यांनी इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला येऊन बघावं. खंडवा रोडला देवी अहिल्या विद्यापीठाचं सभागृह भरलेलं असतं. आमच्या सासूबाई सानंदच्या सभासदांच्या मामा मुजुमदार गटात, त्यांच्या गुडघ्यांना एरवी दोन जिने जड, पण नाटकाच्या दिवशी चार वाजल्यापासून साडी नेसून तयार. तिथे मध्यंतरात ओळखीचे भेटतात, कुणाच्या सुनेला काय झालं ते कळतं, नट समोर घाम गाळत असतो. मल्टिप्लेक्सच्या मध्यंतरात मी वीस मिनिटं रांगेत उभी होते आणि परत आले तेव्हा एक खून होऊन गेला होता, कुणाचा ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

तिकीट स्वस्त केलं तर येतात लोक. २३ सप्टेंबर २०२२ ला नॅशनल सिनेमा डेला ७५ रुपये तिकीट होतं, देशभरात ६५ लाखांवर लोक गेले, आम्हाला इथे संध्याकाळच्या एकाही शोचं मिळालं नव्हतं. म्हणजे आवड कुठे गेलेली नाही. वर्षातून एक दिवस कळतं आणि बाकीचे दिवस विसरतात असं दिसतं.

शो सुटल्यावर भूक तशीच होती, मग सराफ्यात गेलो. सोन्याची दुकानं बंद झालेली, गाड्या लागलेल्या, गर्दी एवढी की चालायला जागा नाही. गराडू, भुट्ट्याचा कीस, दहीवडे, शेवटी गरम जिलेबी, चौघांचं पोट भरून साडेचारशे. हे म्हणाले, "ह्याच्याच आसपास त्या पॉपकॉर्नचे दिले." सासूबाई सिनेमाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, जिरावण मसाला कमी पडलाय एवढं मात्र गाडीवाल्याला दोनदा सांगितलं.

जायचंच असेल तर मधल्या वारी सकाळचा शो घ्या, तिकीट बरंच कमी पडतं. जेवून जा, शाल न्या, आणि दिलेल्या वेळेनंतर वीस मिनिटांनी आत शिरा, काही बुडत नाही.

माझ्याकडून पाचपैकी दीड स्टार. एक मोठ्या पडद्याला, आणि अर्धा तिथल्या त्या युनिफॉर्ममधल्या पोराला, ज्यानं अंधारात न सांगता सासूबाईंचा हात धरून त्यांना "दादी, आराम से" म्हणत एकेक पायरी चढवली.