‘जुन्या गाडीला चालतं’: टो-बारच्या नावाखाली ३४५ पाउंडांची टोपी

आधी आकडे सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. टो-बार, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायचा दांडा, बसवणाऱ्याच्या खिशात गेले ३४५ पाउंड. त्याने डिकीच्या तळाला पाडलेली भोकं बुजवून पत्रा नीट करून घ्यायला २९०. वायरिंग निस्तरायला १६५. ट्रेलरचं बुडालेलं भाडं ७४. एकूण ८७४ पाउंड, आणि एवढं होऊनही गाडीच्या मागे टो-बार नाहीच. तो हवा असेल तर अजून ५८५, म्हणजे अगदी सुरुवातीला एका रीतसर वर्कशॉपने सांगितलेला दर. तो मला तेव्हा जास्त वाटला होता.

‘एवढा शिकलेला माणूस, तू कसा काय फसलास?’ हे ऐकून कान किटलेत. म्हणून सविस्तर लिहितोय. स्वस्त दर, आधी थोडे पैसे, घरी येऊन काम आणि नंतर फोन बंद, हा सगळा प्रकार कुणाला नवीन नाही, त्यात वेळ घालवत नाही. या माणसाची खुबी वेगळी होती. तो धडधडीत खोटं फारसं बोलला नाही. अर्धं खरं बोलला, आणि प्रत्येक अर्ध्या खऱ्याच्या शेवटी एकच पालुपद: जुन्या गाडीला चालतं.

आमचं इंग्लंडातलं ढोल-ताशा पथक. गणपतीच्या दिवसांत सामान या गावाहून त्या गावाला न्यावं लागतं आणि दर वेळी व्हॅन भाड्याने घेणं परवडत नाही. छोटा, ब्रेक नसलेला, ७५० किलोच्या आतला ट्रेलर भाड्याने घ्यायचं ठरलं. ओढायला इस्टेट, म्हणजे मागे लांब डिकी असलेली गाडी कुणाकडे? माझ्याकडे. २००६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया, डिझेल, इंजिन ठणठणीत.

मी डोळे झाकून उडी मारली, असं कुणी समजू नये. गाडीच्या व्हीआयएन प्लेटवरचे, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक आणि वजनं लिहिलेल्या पट्टीवरचे, आकडे मी स्वतः पाहिले होते. पहिला आकडा भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाचा, दुसरा गाडी आणि ट्रेलर मिळून. दुसऱ्यातून पहिला वजा करा, साधारण किती ओढता येईल ते कळतं. दुसरा आकडाच नसेल तर ती गाडी ओढण्यासाठी नाही, विषय संपला. ब्रेक नसलेला ट्रेलर ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी असेल त्याच्यावर जाता कामा नये, हे माहीत होतं. ट्रेलरला आपल्याच गाडीच्या नंबरची पाटी लागते, तीही बनवून घेतली होती. परवान्याचं तर बोलायलाच नको. मोठ्या ट्रेलरसाठी १९९७ पासून लागणारी वेगळी परीक्षाही १६ डिसेंबर २०२१ पासून गेली. फसलो ते फक्त बसवणाऱ्यावर विश्वास ठेवण्यात, आणि तेवढा विश्वास कुणावर तरी ठेवावाच लागतो ना?

नंबर मिळाला आपल्याच मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ‘माझ्या शेजाऱ्याने करून घेतलंय, माणूस चांगला आहे.’ ज्यांनी दिला त्या दादांचा दोष नाही, पण त्यांनी शेजाऱ्याच्या गाडीमागचा टो-बार नुसता लांबून पाहिला होता, हे मला नंतर कळलं. ग्रुपवर नंबर टाकताना एवढं तरी लिहा की आपण स्वतः पैसे देऊन काम करून घेतलंय की ऐकीव आहे.

दर २८० पाउंड, वायरिंगसकट. आधी १०० खात्यावर. पैसे पाठवताना बँकेच्या अॅपने लाल अक्षरात सांगितलं की खातेदाराचं नाव जुळत नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘बायकोचं खातं आहे, बॉस.’ असेल बाबा! आपल्याकडे अर्धे व्यवहार बायकोच्या नावावर चालतात. पाठवले.

मी त्याला टाइप अप्रूव्हलचं, म्हणजे टो-बारच्या त्या प्रकाराला रीतसर मंजुरी आहे का ते, विचारलं होतं, हे मुद्दाम सांगतो. त्याचं उत्तर: ‘जुन्या गाडीला ते लागत नाही.’ आता यातलं खरं काय ते ऐका. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदणी झालेल्या, युरोपियन टाइप अप्रूव्हल असलेल्या कारला मंजुरी असलेला, त्याच मॉडेलसाठी बनवलेला टो-बार लावावा लागतो. त्याआधीच्या गाड्यांना ही सक्ती नाही. म्हणजे ‘जुन्या गाडीला लागत नाही’ हे वाक्य खरं आहे, पण माझी गाडी २००६ ची! मी पडताळायला नेटवर पाहिलं, तर तिथेही ‘जुन्या गाड्यांना सूट’ असं दिसलं, आणि तारीख न बघता मी निश्चिंत झालो. जुनी म्हणजे किती जुनी, हे विचारा. कोणत्याही नियमात सूट सांगितली की तारीख विचारा.

आता तो दिवस. व्हॅन दारात लागली. बायकोने चहा केला, पोहे केले; त्याने दोन्ही चवीने खाल्लं. टो-बार व्हॅनमधून काढला तेव्हा बॉलवरचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गोळ्यावरचा, काळा रंग खरवडलेला होता. नवा म्हणून विकलेल्या वस्तूचा रंग कसा उडाला? ‘वाहतुकीत घासतं.’ ज्या पट्टीवर मंजुरीचा ई-नंबर, डी व्हॅल्यू (टो-बार किती ओढ सोसेल त्याचा आकडा) आणि किती वजन बॉलवर चालेल ते कोरलेलं असतं, त्या जागी नुसते रिव्हेटचे दोन खड्डे. ‘जुन्या टो-बारला पट्टी नसते.’ म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वी नवा असलेला टो-बार आता जुना झाला होता. हे मला त्याच क्षणी खटकलं, आणि तोंडातून शब्द निघायच्या आत त्याने ड्रिल काढलं.

तो ड्रिलचा आवाज अजून कानात आहे. त्याने बंपर काढलाच नाही. डिकीतली चटई फेकली, स्टेपनी बाहेर ठेवली आणि तिच्या खड्ड्याच्या पत्र्याला थेट भोकं पाडायला सुरुवात केली. चकचकीत लोखंडाचा कीस खाली पडत होता आणि मी बाजूला चहाचा कप धरून उभा. ‘ड्रिल कशाला?’ असं मी विचारलं. विचारलं! उत्तर तेच: ‘जुन्या गाडीला करावंच लागतं.’

माझ्या गाडीवर हे काम कसं होतं ते मला नंतर दुसऱ्या गॅरेजवाल्याने दाखवलं. आधी मागचा बंपर उतरवायचा. आतली आडवी बीम काढायची. तिच्या जागी टो-बारचा आडवा भाग बसतो आणि त्याचे हात चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या पोकळ दांड्यांत जातात. बोल्टांच्या जागा कंपनीने मुळातच ठेवलेल्या असतात, आणि ते टॉर्क रेंचने ठरल्या मापाला कसायचे. म्हणजे पाठीमागची ओढ चॅसीवर जाते. या पठ्ठ्याने ती ओढ स्टेपनीच्या खड्ड्यावर टाकली, जिथला पत्रा फक्त स्टेपनीचं वजन पेलायला असतो. खालून आधाराला जाड पट्टीसुद्धा नाही, नुसते वॉशर. बंपर न काढता कुणी टो-बार बसवायला लागला, तर आधी गाडीच्या फिटिंगच्या सूचना मागा. त्या टो-बारच्या खोक्यात छापील येतात. खोकंच नसेल तर माणसाला चहा पाजून परत पाठवा.

तासाभरात काम उरकलं. वर ६५ पाउंड जास्तीचे, कारण ‘जुन्या गाडीचं वायरिंग वेगळं असतं.’ १८० राहिलेले अधिक ६५, असे २४५ रोख दिले. पावती? ‘व्हॉट्सअॅपवर पाठवतो.’ अजून येतेय.

ट्रेलर रिकामाच घेऊन निघालो तेव्हा पहिल्याच राउंडअबाउटवर मागून ठक् असा आवाज आला. डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची खूण, उजवा इंडिकेटर दुप्पट वेगाने. ट्रेलर तिथूनच परत केला, भाडं गेलं. एमओटी, म्हणजे गाडीची सक्तीची वार्षिक तपासणी, जवळ आलीच होती, म्हणून गाडी दाखवली. टो-बार आणि त्याचं सॉकेट एमओटीत तपासतात. टेस्टरने बॉलवर पाय ठेवून दाबलं तर डिकीचा तळ बिस्किटाच्या डब्याच्या झाकणासारखा टॉक-टॉक वाजला. मागच्या दिव्यांच्या वायरी सोलून निळ्या क्लिपांनी सॉकेटची वायर चिमटलेली, ट्रेलरच्या दिव्यांचा भार गाडीच्या वायरिंगवर येऊ न देणारा बायपास रिले नाहीच. रिपोर्टवर ‘डेंजरस’. म्हणजे दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणायची नाही. आणि ऐका, अशी धोकादायक गाडी चालवताना पकडलं तर २,५०० पाउंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ पॉइंट चालवणाऱ्याला. भोक पाडणारा पोहे खाऊन मोकळा.

यानंतर सरकारी दारं ठोठावली, आणि खरं सांगतो, फसवणाऱ्यापेक्षा जास्त संताप इथे झाला.

पोलिसांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. मी म्हटलं, माणसाने गाडी धोकादायक करून ठेवलीय, उद्या दुसऱ्या कुणाचा ट्रेलर हायवेवर सुटला तर? ‘तसं काही घडलं तर कळवा.’ सुटल्यावर कळवू म्हणे! कौन्सिलच्या ग्राहक खात्याशी थेट बोलताच येत नाही, मदतवाहिनीमार्फत जायचं. तिथल्या बाई गोड बोलल्या. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने झालं पाहिजे, हे समजावलं. मग म्हणाल्या, आधी त्याला काम दुरुस्त करायची संधी द्या. त्याच माणसाला, तेच ड्रिल घेऊन, माझ्याच गाडीजवळ पुन्हा बोलवू? बरं, बोलवायला त्याने फोन तरी उचलायला हवा. वैयक्तिक तक्रारीवर ते खातं कारवाई करेलच असं नाही, माहिती ‘नोंदवून ठेवतात’. एक संदर्भ क्रमांक मिळाला. असे क्रमांक माझ्याकडे आता वहीभर झालेत.

बँकेची तऱ्हा सर्वांत भारी. ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून पैसे पाठवायला लावलं तर बँकांनी भरपाई द्यायचा नियम आहे, म्हणून आशा होती. उत्तर आलं: सेवा मिळाली आहे, तिच्या दर्जाबद्दल वाद आहे, म्हणून ही फसवणूक नाही. शिवाय नाव जुळत नसल्याचा इशारा तुम्ही पाहिला होता. म्हणजे दोष परत माझाच. रोख दिलेल्या २४५ बद्दल तर हसलेच असतील. आगाऊ पैसे क्रेडिट कार्डाने द्या. वस्तू किंवा काम १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल, तर नुसती आगाऊ रक्कम कार्डाने दिली तरी कार्ड कंपनी जबाबदार धरता येते. कार्ड घेत नाही म्हणणाऱ्याला तिथेच रामराम.

विमा कंपनीला फोन केला तो प्रामाणिकपणे, तर त्यांनी उलट मलाच विचारलं की टो-बार हा गाडीतला बदल आहे, बसवायच्या आधी का नाही कळवलात? आधी कळवा. फुकटचा ताप वाचतो.

आता उरलं छोट्या दाव्यांचं कोर्ट. ८७४ पाउंडांच्या दाव्याला फी ७० पाउंड. दावा लावायचा तर प्रतिवादीचं नाव-पत्ता हवा, आणि माझ्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर आणि ‘बायकोचं’ खातं. सुदैवाने दारावरच्या कॅमेऱ्यात व्हॅनचा नंबर आलाय. त्यावरून मालकाची माहिती मागायचा व्ही८८८ फॉर्म २ पाउंड ५० पेन्सची फी भरून डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, पाठवलाय, कारण सविस्तर लिहून. टो-बार, कापलेल्या वायरी आणि एमओटीचा रिपोर्ट जपून ठेवलाय. गॅरेजवाला फेकायला निघाला होता, तेवढं मात्र सुचलं. दुरुस्तीआधी सगळ्याचे फोटो काढा, आणि पुरावा भंगारात जाऊ देऊ नका.

त्याच माणसाची जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर नव्या नंबराने फिरतेय, दर आता २६०. पांढरी व्हॅन, ‘बॉस’ म्हणून बोलणारा आणि बंपर न काढता तासात काम करून देणारा कुणाकडे येऊन गेला असेल, तर ट्रेलर लावायच्या आधी डिकीतली चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा पत्रा बघा. बोल्टची डोकी तिथे दिसली तर गाडी हलवू नका, आणि मला कळवा. दाव्यात दुसरा साक्षीदार हवाच आहे.