लिंक एक्सचेंजसाठी मेल पाठवत बसायचं की तोच वेळ दुसरीकडं लावायचा?

चादर-टॉवेल, शेंगा चटणी, शाळेचे युनिफॉर्म, हुरडा पार्टी, अक्कलकोट-तुळजापूरला सोडणाऱ्या गाड्या, सोलापुरात आता लै जणांनी वेबसाईट काढल्यात आणि साईट काढून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, लोक येणार कुठून? मग कोणीतरी सांगतं की दुसऱ्या साईटवाल्यांना मेल टाका, तुम्ही आमची लिंक लावा आम्ही तुमची लावतो, फुकटात ट्रॅफिक. करायचं का नाही ते ठरवायच्या आधी तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते बघा, कारण गुगलमध्ये वर येणं वेगळं आणि दुसऱ्याच्या साईटवरून माणूस क्लिक करून तुमच्याकडं येणं वेगळं.

गुगलमध्ये वर यायचं म्हणून एक्सचेंज करणार असाल तर माझं मत सरळ आहे, नका करू. १९९८ च्या आसपास गुगल सुरू झालं ते लिंक म्हणजे एक प्रकारचं मत या हिशोबावर, म्हणून लोकांनी ढिगानं लिंका गोळा केल्या, आणि २०१२ ला पेंग्विन अपडेट, म्हणजे असल्या गोळा केलेल्या लिंका पकडणारा गुगलचा बदल, आल्यावर त्यातल्या बऱ्याच साईट खाली गेल्या. २०१६ पासून पेंग्विन मुख्य अल्गोरिदममध्येच, म्हणजे साईटचा क्रम ठरवणाऱ्या हिशोबातच आहे आणि असल्या लिंका बहुतेक वेळा तो नुसत्या मोजतच नाही, म्हणजे तुमची मेहनत पाण्यात. गुगलच्या स्पॅम नियमात अति प्रमाणातली देवाणघेवाण आणि फक्त एकमेकांना लिंक द्यायला काढलेली पार्टनर पानं हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं आहे. जास्तच झालं तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईटमालकांसाठीच्या गुगलच्या फुकट टूलमध्ये, मॅन्युअल ॲक्शन म्हणजे गुगलच्या माणसानं तपासून केलेली कारवाई दिसते, आणि ती काढून घ्यायला लिंका हटवून परत अर्ज करावा लागतो. तीन साईटनी मिळून गोल फिरवायची आयडिया पण जुनीच आहे, पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं पहिल्याला, ती काय गुगलला नवीन नाही.

आता नियमात शब्द ‘अति’ असा आहे, म्हणजे दोन ओळखीच्या धंद्यांनी एकमेकांची लिंक दिली तर आभाळ कोसळत नाही. आणि खरा फायदा तिथंच आहे, पण तो माणसं येण्याचा. समजा तुमची टॅक्सी आहे आणि तुळजापुरात कोणाचं तरी लॉज आहे. लॉजच्या साईटवर ‘कसं यायचं’ या पानावर सोलापूर स्टेशनपासून पंचेचाळीस किलोमीटर एवढंच लिहिलेलं असतं, गाडीचा पत्ता नाही. तिथं तुमची लिंक लागली तर वाचणाऱ्याला ती पाहिजेच असते, आणि तुमच्या तुळजापूरच्या पानावर मुक्कामाला ते लॉज सुचवलं तर तुमच्या पॅसेंजरचंही काम होतं. सोलापूरजवळच्या नान्नजकडं हुरडा पार्टी घेणारा शेतकरी आणि पुण्याहून ग्रुप आणणारा ट्रॅव्हलवाला, हे पण जमतं, फक्त थंडीच्या आधी लावून घ्या, सीझन संपल्यावर हुरड्याची लिंक कोण दाबणार. याउलट दोन चादरवाल्यांनी एक्सचेंज करून काय होणार, आपलं गिऱ्हाईक कोण शेजारच्या दुकानात पाठवतं का? आणि फूटरमध्ये (पानाच्या अगदी तळाला) किंवा ‘आमचे पार्टनर’ पानावर चाळीस नावांत तुमचं एक, त्यावर कोणी क्लिक करत नाही हो.

मागायचं कसं तर सगळ्यांना एकच कॉपी-पेस्ट मेल नको, उघडतसुद्धा नाहीत. आपल्याकडं व्हॉट्सॲप किंवा सरळ फोन बरा. असं काहीतरी लिहा: ‘नमस्कार सर, तुमच्या दर्शनाच्या पानावर स्टेशनवरून यायची माहिती आहे पण गाडीचं भाडं नाही, आमच्या साईटवर रेट दिलेत, योग्य वाटलं तर लिंक द्या. आम्ही आमच्या तुळजापूरच्या पानावर तुमचं लॉज सुचवतोय.’ कुठलं पान, कुठली ओळ, त्याचा काय फायदा, बास.

दुसऱ्या बाजूला गुगल बिझनेस प्रोफाईल, म्हणजे गुगलच्या नकाशावर आणि सर्चमध्ये दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद. ज्याचं गिऱ्हाईक सोलापुरातलं किंवा सोलापुरात उतरणारं आहे त्याला ही एक्सचेंजपेक्षा कितीतरी भारी, कारण सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेला माणूस मोबाईलवर ‘जवळचं चटणीचं दुकान’ असंच शोधतो, त्याला नकाशा दिसतो, तुमची लिंक कुठं लागलीय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. फुकट आहे, कॅटेगरी नीट निवडा, वेळा बरोबर टाका, दुकानाचे खरे फोटो टाका, गिऱ्हाईकाला रिव्ह्यू मागा. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट मात्र नको, ते नियमात बसत नाही.

पण होलसेल टॉवेलवाला किंवा युनिफॉर्म शिवणारा असेल, ज्याचा खरेदीदार बाहेरच्या राज्यात बसलाय, त्याला नकाशाचा तेवढा उपयोग नाही. त्यानं एक्सचेंजच्या आधी एकतर्फी लिंका बघाव्यात. ज्या कापड कंपनीचा माल घेता तिच्या साईटवर डीलरची यादी असते, ज्या संघटनेचे मेंबर आहात तिथं मेंबर लिस्ट असते, ज्या शाळांना माल देता त्या युनिफॉर्म कुठं मिळेल ते पालकांना सांगतातच. संबंध आधीच आहे, नुसतं नाव छापण्याऐवजी लिंक लावा म्हणायचं, बदल्यात काही द्यावं पण लागत नाही. सोबत आपल्या साईटवर जीएसएम (चौरस मीटरला कापडाचं वजन किती ग्रॅम), साईज, कमीत कमी ऑर्डर असलं नीट लिहिलेलं एक पान ठेवा, खरेदीदार शोधतो ते हेच.

विकत लिंक हा तिसरा रस्ता. जाहिरात म्हणून घेत असाल तर घ्या, पण त्याला नोफॉलो नाहीतर स्पॉन्सर्ड टॅग (ही लिंक मत म्हणून धरू नका असं गुगलला सांगणारी लिंकच्या कोडमधली खूण) लावायला सांगा, २०१९ पासून गुगलनं त्यासाठी स्पॉन्सर्ड हा वेगळा टॅगच दिलाय. इतक्या रुपयात इतक्या हजार लिंका असले मेल येतात ते उघडू पण नका.

तर टॅक्सी, लॉज, हुरडावाल्यांनी प्रोफाईल आधी आणि मग मोजक्या चार-पाच जणांशी एक्सचेंज, दुकानवाल्यांनी फक्त प्रोफाईल, होलसेलवाल्यांनी डीलर यादी. लिंक लागली की महिन्याभरानं ॲनालिटिक्समध्ये (साईटवर कोण कुठून आलं ते दाखवणाऱ्या गुगलच्या टूलमध्ये) रेफरल, म्हणजे दुसऱ्या साईटवरून आलेली माणसं, बघा, तिथून कोणी आलंच नसेल तर त्या पानावरची जागा बदलून मागा.