ओकोंक्वोने न ऐकलेल्या गोष्टी

हुतात्मा चौकाजवळच्या पदपथावरून दीडशे रुपयांना घेतलेली चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीची जुनी प्रत मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा वाचली. १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पहिल्या वाचनात मला, एरवी सांगितले जाते तशीच, गोऱ्या साहेबाच्या आगमनाने मोडून पडलेल्या नायजेरियातील इग्बो समाजाची कहाणी वाटली होती. या वेळी मात्र कोण कोणाला गोष्ट सांगते आणि कोण ती ऐकायचे नाकारते, याकडे लक्ष गेले, आणि कादंबरीतले खरे शहाणपण तिथेच आहे असे माझे मत झाले.

अकराव्या प्रकरणात एक्वेफी आपल्या मुलीला, एझिन्माला, रात्री कासवाची गोष्ट सांगते. आकाशातल्या मेजवानीला निघालेल्या पाखरांकडून एकेक पीस मागून कासव पंख करते, स्वतःचे नाव ‘तुम्ही सगळे’ असे ठेवते आणि यजमानांनी ‘हे तुम्हा सगळ्यांसाठी’ म्हणताच उत्तम ते स्वतः फस्त करते. चिडलेली पाखरे पिसे काढून घेतात. घरातल्या मऊ वस्तू अंगणात आणून टाक, हा बायकोसाठी दिलेला निरोप पोपट मुद्दाम उलटा सांगतो, आणि कासव कुदळी-भाल्यांवर आदळून त्याच्या पाठीचे तुकडे होतात. लालबागच्या चाळीत आजीकडून ऐकलेले पंचतंत्रातले कासवही आकाशातूनच पडले होते, पण ते तोंड उघडल्यामुळे. अचेबेंचे कासव पडते ते शब्दांच्या चलाखीने सगळ्यांचा वाटा लाटल्यामुळे. आमच्या कासवाची मला कीव यायची, या कासवाची येत नाही.

नायक ओकोंक्वो अशा गोष्टींना बायकी समजतो. मुलांना तो आपल्या दालनात बसवून युद्धाच्या आणि रक्तपाताच्या हकिकती ऐकवतो, तर थोरला न्वोये वडिलांच्या धाकाने आईच्या गोष्टी नावडत असल्याचे सोंग करत मनातून त्यांच्यासाठीच झुरतो. पुढे हाच मुलगा मिशनऱ्यांच्या गाण्याने हेलावतो, तेव्हा त्याला धर्मतत्त्व नव्हे, तर त्या गाण्यातले काव्य ओढून नेते. हा धागा अचेबे कुठेही ओरडून दाखवत नाहीत, आणि म्हणूनच तो इतका खोल लागतो.

सर्वांत श्रेष्ठ प्रसंग आजोळचा आहे. हातून चुकून झालेल्या हत्येमुळे सात वर्षे गावाबाहेर राहावे लागलेल्या ओकोंक्वोसमोर त्याचा मामा उचेंडू घारीची गोष्ट सांगतो. लेकीने बदकाचे पिल्लू उचलल्यावर त्याची आई गप्प राहिली, म्हणून घार लेकीला ते परत करायला लावते. कोंबडीने मात्र आकांत करून शिव्या दिल्या, म्हणून तिचे पिल्लू खायला हरकत नाही. काही न बोलणाऱ्याला मारू नये, हा त्यातला अर्थ. अबामे गावाने परक्या गोऱ्या माणसाला मारले आणि पुढे त्या गावाचा संहार झाला, ही बातमी नुकतीच आलेली असताना म्हातारा निकाल गोष्टीतूनच देतो.

इंग्रजी सोपे आणि वाक्ये आटोपशीर असल्याने पदवीच्या विद्यार्थ्यालाही ती सहज वाचता येईल. पहिल्या भागात सण, लग्नाची बोलणी आणि सुरणासारख्या यामच्या शेतीची वर्णने कथानक थांबवतात, पण ती गाळू नयेत, कारण पुढे जे मोडते ते हेच आहे. माझ्या प्रतीतली छपाई बारीक आहे, त्यामुळे लोकलच्या गर्दीत उभ्याने वाचणाऱ्याने मोठ्या टाइपातली आवृत्ती शोधावी. कासवाचे प्रकरण मात्र घरी, कोणीतरी शेजारी बसलेले असताना, मोठ्याने वाचावे.