ड्युटी फ्री की आपलं नाशिक? कुठली वस्तू कुठून घेतली तर खरंच पैसे वाचतात

दुबई, सिंगापूर, बँकॉकची टूर बुक झाली की घरात आधी व्हिसाची चर्चा होते आणि लगेच मागोमाग एअरपोर्टवरून काय काय आणायचं त्याची. ड्युटी फ्री म्हणजे स्वस्तच असणार हे आपण इतकं धरून चालतो की तिथे कोणी भाव विचारत नाही, ट्रॉली भरायची आणि कार्ड द्यायचं. आयुष्यभर पैसे साठवून पहिल्यांदा बाहेर पडलेली आईबाबांच्या वयाची माणसं त्या चकचकीत दुकानात दहा-पंधरा हजार घालवून येतात आणि त्यातलं निम्मं सामान इथे कॉलेज रोडला त्याच भावात किंवा कमी भावात मिळत असतं, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. म्हणून वस्तूवार लिहितोय, ज्याला जे घ्यायचंय त्याने तेवढं वाचावं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरच आहे. ड्युटी फ्री म्हणजे त्या वस्तूवर सरकारचा टॅक्स लागलेला नाही, एवढंच. दुकानदाराने स्वतःचं मार्जिन किती लावायचं त्यावर काही बंधन नाही. आणि एअरपोर्टवर गाळा घेणं म्हणजे मेन रोडला दुकान थाटणं नाही, तिथे भाडं जबर असतं आणि वर विक्रीतला हिस्सा एअरपोर्ट कंपनीला द्यावा लागतो, तो पैसा शेवटी किमतीतूनच निघतो. जगातलं पहिलं असं दुकान १९४७ मध्ये आयर्लंडच्या शॅनन एअरपोर्टवर सुरू झालं. तेव्हा विमानं अटलांटिक पार करायच्या आधी तिथे इंधन भरायला थांबायची आणि बसलेल्या प्रवाशांना काहीतरी विकावं ही त्यामागची आयडिया. आजही गिऱ्हाईक तेच आहे, अडकून बसलेलं आणि हातात वेळ असलेलं.

मग हिशोब सरळ आहे. ज्या वस्तूवर आपल्याकडे टॅक्सचं ओझं मोठं, तिथे ड्युटी फ्री जिंकतं. ज्या वस्तूवर टॅक्सच थोडा, तिथे वाचणार काय? दुबईत व्हॅट ५ टक्के आहे, थायलंडमध्ये ७, सिंगापूरमध्ये जीएसटी ९. म्हणजे दुबईच्या मॉलमधली वस्तू दुबई एअरपोर्टवर घेतली तर टॅक्सपायी फार तर शंभरातले पाच रुपये सुटणार, आणि ते पाच दुकानाचं भाडं कधी खाऊन टाकेल ते कळणारही नाही.

दारू

इथे मात्र ड्युटी फ्रीला तोड नाही, आणि जास्त लिहिण्यासारखंही इथेच आहे. बाहेर भरून सीलबंद येणाऱ्या स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्युटी होती, त्यावर परत राज्याची एक्साइज. महाराष्ट्राने तर इम्पोर्टेड दारूवरची एक्साइज नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली, म्हणजे आधी काय होतं विचार करा. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला त्यात स्कॉचची ड्युटी आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय, म्हणजे हा फरक पुढे कमी होत जाणार. पण राज्याची एक्साइज वेगळी, ती राहणारच.

आता भाव बघताना बहुतेकांची गफलत कुठे होते तर बाटलीच्या मापात. आपल्या वाईन शॉपमधली बाटली ७५० एमएलची, ड्युटी फ्रीमधली बहुधा एक लिटरची. बाटलीला बाटली लावू नका, लिटरचा भाव काढा. समजा तिथे लिटरची बाटली ३६ डॉलरला आहे आणि डॉलर ९० रुपये धरला तर झाले ३,२४०. तीच इथे ७५० एमएलला ३,६०० ला असेल तर लिटरचा भाव पडला ४,८००. म्हणजे लिटरमागे १,५६० वाचले, दोन लिटरमागे ३,१२०. हे आकडे फक्त समजावायला घेतलेत, तुमच्या ब्रँडचे खरे भाव त्या दिवशी टाका आणि असंच करा, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पण सगळ्या स्कॉचमध्ये इतका फरक मिळत नाही, आणि ही गोष्ट दुकानातला माणूस तुम्हाला सांगणार नाही. टीचर्स, हंड्रेड पायपर्स असल्या ब्रँडची दारू टँकरने येते आणि बाटलीत भरली जाते भारतातच, त्यामुळे ड्युटी लागते ती त्या सुट्या मालाच्या किमतीवर, जी बरीच कमी असते. म्हणून इथे त्या आधीच परवडतात आणि ड्युटी फ्रीमधून आणून वाचणारी रक्कम किरकोळ होते. माणशी कोटा दोनच लिटरचा आहे, तो असल्या बाटल्यांवर घालवणं म्हणजे संधी फुकट घालवणं. तिथेच भरून येणारी सिंगल मॉल्ट, जुन्या वयाची ब्लेंड, त्यात कोटा वापरा.

आणि दोन लिटर म्हणजे सगळी मिळून दोन लिटर. वाईन, बिअर, व्हिस्की सगळं धरून. दुबईत दोन घेतल्या आणि मुंबईत उतरल्यावर बेल्टजवळच्या दुकानात कॉम्बो ऑफर दिसली म्हणून अजून दोन उचलल्या, असं करणारे खूप भेटतात, त्या वरच्या दोनवर ड्युटी भरावी लागली तर वाचलेलं सगळं जातं आणि वर घरून द्यावे लागतात.

मग दुबईहून घ्यायच्या की मुंबईत उतरल्यावर? माझं मत, मुंबईत उतरल्यावर. आपल्याकडे अरायव्हललाही ड्युटी फ्री आहे, सगळ्या देशांत ही सोय नसते. काचेच्या बाटल्या विमानात सांभाळायच्या नाहीत, वरच्या कप्प्यात जागा शोधायची नाही, आणि मधे कुठे विमान बदलायचं असेल तर सिक्युरिटीला पुन्हा लिक्विडची तपासणी होते तीही भानगड नाही. भाव दोन्हीकडचे आधी ऑनलाइन बघून ठेवा, मुंबईचं दुकान प्री-बुकिंगही घेतं. दुबईत खरंच बराच फरक दिसला तरच तिथे घ्या, आणि ती सीलबंद पिशवी घरी येईपर्यंत फोडू नका. बिल जपून ठेवा, कसाऱ्याच्या घाटात कोणी गाडी थांबवली तर बाटल्या कुठून आल्या ते दाखवायला कागद हातात हवा. महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ लागतं, तेव्हा कॉलेजातल्या भाच्याच्या नावावर कोटा काढायचा विचार करू नका.

वाईन मात्र अजिबात आणू नका. आपण नाशिककर आहोत! गंगापूर धरणाच्या बाजूला गेलं की सुला, सोमा, यॉर्क, सगळे ओळीने आहेत, आणि राज्याने इथल्या वाईनला टॅक्समध्ये आधीपासून सांभाळून घेतलंय. जी बाटली अर्ध्या तासात गाडी काढून चाखून निवडता येते तिच्यासारखीच दुसरी आणायला दोन लिटरातले पाऊण लिटर घालवायचे, हे मला पटत नाही. एखादी खास फ्रेंच बाटली हवी असेल तर गोष्ट वेगळी.

परफ्यूम आणि मेकअप

इथे निकाल फिफ्टी-फिफ्टी. आपल्याकडे परफ्यूमवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बाहेरून येणाऱ्या मालावर कस्टम ड्युटी, त्यामुळे छापील किंमत बघितली तर ड्युटी फ्री स्वस्त दिसतं. पण छापील किमतीला परफ्यूम घेतं कोण? ऑनलाइन सेल लागतात, कार्डवर डिस्काउंट असतो, मॉलमध्ये सॅम्पल आणि छोट्या बाटल्या वर मिळतात. म्हणून एमआरपीशी तुलना करू नका, दिवाळीच्या सेलमध्ये तुम्ही खरंच किती देता त्या भावाशी करा.

एक जवळून बघायची गोष्ट सांगतो. रॅकवर पुढे लावलेला असतो तो गिफ्ट सेट, त्यात एक मोठी बाटली, एक लोशन आणि एक एवढीशी बाटली. त्याच्याच मागे किंवा खालच्या कप्प्यात ती मोठी बाटली सुटी असते. दोन्हींच्या खालच्या पट्टीवरचे भाव वाचा, एमएल वाचा. लोशन तुम्ही वापरणार नसाल तर सेटचा फायदा काहीच नाही, पण हात सेटकडेच जातो कारण डबा देखणा असतो. दुबईत परफ्यूम घ्यायचंच असेल तर शहरात घ्या, तिथली दुकानं भावात घासाघीस करतात आणि एअरपोर्टवर घासाघीस चालत नाही. टुरिस्टला व्हॅट परत मिळतो पण सगळा नाही, त्यातून फी कापून घेतात, आणि किमान रकमेचं बिल लागतं. लंडनला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १ जानेवारी २०२१ पासून टुरिस्टना दुकानातल्या खरेदीवर व्हॅट परत द्यायची स्कीम तिथे बंद झाली, आणि एअरपोर्टवरची कपडे, इलेक्ट्रॉनिक्सची टॅक्स फ्री विक्रीही थांबली. जुन्या आठवणींवर जाऊन तिथे खरेदी ठेवू नका.

चॉकलेट

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते असं मला वाटतं, कारण रक्कम छोटी वाटते म्हणून कोणी हिशोब करत नाही. ऑफिस, सोसायटी, मावशी, आत्या, कामवाल्या ताई, सगळ्यांसाठी मिळून तीन-चार किलो होतं. एअरपोर्टवर तीच पाकिटं तीनवर एक फ्री म्हणून लावलेली असतात. पण शहरातल्या सुपरमार्केटला, दुबईत लुलू किंवा कॅरफूर, सिंगापूरला मुस्तफा, तिथे किलोचा भाव बघा आणि मग एअरपोर्टचा बघा. सुपरमार्केटवाला स्वस्त निघायची शक्यता बरीच जास्त. आणि आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, म्हणजे इथे बनणाऱ्या ब्रँडसाठी परदेशातून वजन वाहायची गरजच राहिली नाही. जे इथे मिळत नाही तेवढंच आणा, खजूर भरलेलं असो की उंटाच्या दुधाचं, आणि तेही टूरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच घेऊन चेक-इन बॅगेत टाका.

सिगारेट

ओढणाऱ्यांना भावात फरक पडतो, नाकारत नाही. पण परवानगी १०० सिगारेटची आहे आणि दुकानात मिळतो तो कार्टन २०० चा! विकणारा काही बोलत नाही, अडकतो तो ग्रीन चॅनलमधून, म्हणजे ड्युटी भरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या रांगेतून, जाणारा. आणि ई-सिगारेट, व्हेप कोणीही कितीही सांगितलं तरी आणू नका, २०१९ पासून भारतात बंदी आहे.

मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही

एअरपोर्टवरून इलेक्ट्रॉनिक्स घेऊ नका, माझं सरळ मत आहे. बरेचसे फोन आता भारतातच बनतात, इथे बँकेची ऑफर, जुन्या फोनचा एक्स्चेंज, बिनव्याजी हप्ते मिळतात आणि वॉरंटीसाठी नाशिकमध्येच जाता येतं. तिकडून आणलेल्याची वॉरंटी इथे चालते का ते कंपनीला आधी विचारावं लागतं. लॅपटॉपचं एक बरं आहे, १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप फ्री अलाउन्सच्या (ड्युटी न भरता जेवढ्या किमतीचं सामान आणता येतं त्या मर्यादेच्या) वर आणता येतो, त्यामुळे शहरातल्या दुकानात खरंच मोठा फरक असेल तर विचार करा. टीव्ही विसरा. एके काळी बँकॉकहून टीव्ही आणायची लाटच होती, पण ऑगस्ट २०१३ पासून तो फ्री अलाउन्समधून काढून टाकला.

आणि या फ्री अलाउन्सची एकूण मर्यादा लक्षात ठेवा. ही रक्कम आधी ५० हजार होती, २०२६ च्या नवीन बॅगेज नियमांत ७५ हजार झाली. नवराबायकोची मर्यादा एकत्र करता येत नाही. म्हणजे लाखाचं एकच घड्याळ दोघांच्या नावावर वाटून दाखवू म्हटलं तर चालत नाही, वरच्या रकमेवर ड्युटी लागते.

सोनं

दुबईचं सोनं म्हटलं की आपल्या आया-मावशांचे डोळे चमकतात, त्यांना हे नीट सांगा. दागिन्यांची जी ड्युटी फ्री सवलत आहे, बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम, ती वर्षाहून जास्त बाहेर राहून परत येणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या टूरवाल्यांसाठी नाही. त्यात जुलै २०२४ मध्ये सोन्यावरची कस्टम ड्युटी १५ वरून ६ टक्क्यांवर आली तेव्हा तिकडच्या-इकडच्या भावातलं अंतर खूप आटलं. इथे ३ टक्के जीएसटी, तिकडे ५ टक्के व्हॅट. घडणावळ कुठेही द्यावीच लागते. आणि सराफ बाजारात ओळखीच्या पेढीवर घेतलेला दागिना पुढे मोडायला, बदलायला, पॉलिशला तिथेच नेता येतो, दुबईच्या दुकानात कोण जाणार परत? डिझाइन आवडलं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण पैसे वाचतील म्हणून नाही.

पैसे देताना

वाचवलेलं इथे गळतं. बऱ्याच क्रेडिट कार्डांना परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचा जादा आकार, लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सगळं मिळून चार टक्क्यांच्या वर. वरच्या स्कॉचच्या उदाहरणात दोन लिटरचं बिल ६,४८० होतं, त्यावर साधारण २७० रुपये असेच गेले. दुबईच्या मॉलऐवजी एअरपोर्टवर घेऊन जिथे मुळात फार तर पाचच टक्के वाचत होते तिथे मग उरलं काय? मशीनवर रुपयात पैसे घ्यायचे की दिरहममध्ये असं विचारलं तर दिरहम सांगा, रुपयात केलं की दर ते लोक त्यांच्या सोयीचा लावतात. फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं कार्ड) असेल तर तेच वापरा, किंवा ट्रिपच्या शेवटी उरलेली सुटी रोख तिथेच संपवा, ती परत बदलायला नाशिकमध्ये नेली की भाव पडतोच.

मुंबईहून जातानाच सगळं घेणाऱ्यांना एवढंच सांगेन की ते सामान आठवडाभर तुम्हीच वागवणार आहात, आणि दोन लिटरचा हिशोब परत येताना होणारच आहे. कोणाच्या घरी भेट म्हणून न्यायचं असेल तरच जाताना घ्या, आणि आधी त्या देशात किती नेता येतं ते बघा.

ज्यांचं परतीचं विमान दिल्लीत उतरतं आणि तिथून ओझरचं, म्हणजे नाशिकच्या एअरपोर्टचं, धरायचं असतं त्यांच्यासाठी एक. दिल्लीला कस्टममधून बाहेर आलात की बाटल्या हॅन्डबॅगेत ठेवू नका, पुढच्या सिक्युरिटीला अडवतात. तिथेच मोठी बॅग उघडून कपड्यांत गुंडाळा आणि चेक-इनला द्या. त्यासाठी बॅगेत आधीपासून दोन-तीन किलोची जागा ठेवावी लागते, ती चॉकलेटने भरून टाकू नका.